माल आमचा, नाव कोणाचे?
काल्हेरच्या एका गाळ्यातील हिशेब

ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा खाडीपूल ओलांडला की भिवंडी तालुका सुरू होतो. आधी कशेळी, त्याला लागून काल्हेर, मग पूर्णा आणि अंजूरफाटा. रस्ता एकच, त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब आणि दोन्ही बाजूंना ट्रक. गावे कोठे संपतात आणि गोदामे कोठे सुरू होतात, हे नवख्याला कळत नाही. मुंबईच्या जकातीची हद्द टाळण्यासाठी व्यापाऱ्यांनी या पट्ट्यात गोदामे बांधली. जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आज साबणापासून मोबाईलपर्यंत देशातल्या बड्या नावांचे खोके या रस्त्यावरून मुंबईच्या दारात जातात.

याच रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत लूमचा खडखडाट ऐकू येतो. तेथे तयार होणाऱ्या मालावर मात्र कोणाचेच नाव नसते. ग्रे कापडाचे तागे गाठीत बांधले जातात, टेम्पोत चढतात आणि प्रोसेससाठी परगावी जातात. तिकडे त्यांना रंग मिळतो, घडी मिळते आणि नाव मिळते. ते नाव विणणाऱ्याचे नसते.

वाचकांपैकी जे भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीचे असतील त्यांना यात नवे काही वाटणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा भिवंडीच्या लूमला रात्रंदिवस काम मिळाले. बाहेर विणून घेतलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का मारून ते गिरणीचे म्हणून विकण्याची पद्धत त्या काळात फोफावली. गिरणी बंद, पण गिरणीचे नाव चालू! शिक्क्याची किंमत काय असते याचा धडा आपल्या कारखानदारांसमोर तेव्हाच मांडला गेला होता. आपण मजुरी मोजून घेतली आणि धडा तेथेच सोडून दिला, असे आम्हांला वाटते.

या वेळी काल्हेरला गेलो ते एका गाळ्याची हकीकत ऐकण्यासाठी. मालक कोकणी मुसलमान, पन्नाशीचे गृहस्थ. वडिलांच्या काळात सोळा लूम होते. त्यांतले आठ भंगारात गेले, आठ चालू आहेत. त्यांचे प्रकरण ट्रेडमार्क कार्यालयात चालू असल्याने त्यांचे नाव, त्यांच्या मालाचे नाव आणि समोरच्या पक्षाचे नाव येथे देत नाही. आम्ही त्यांना चाचा म्हणू, सारा गाळा त्यांना तेच म्हणतो.

चाचा वर्षानुवर्षे जॉबवर विणत होते. सूत व्यापाऱ्याचे, बीम साईझिंगवरून भरून यायचे, चाचांची फक्त मजुरी. मंदी आली की मजुरी कमी आणि विजेचे बिल तेवढेच. २०१८ साली ठाण्याच्या बाजारात एका दुकानात त्यांनी स्वयंपाकघरात वापरायचे नॅपकिन पाहिले. सहा नगांचे पाकीट, वर रंगीत कागद. त्यांनी हात लावून पाहिले आणि दुकानदाराला विचारून एक पाकीट उघडले. "भाऊ, आपल्या हाताचं कापड माणूस अंधारातसुद्धा ओळखतो," असे ते आम्हांला म्हणाले. "किनारीला आमच्या चार नंबर लूमचा दोष होता. त्या लूमला ती खोड आहेच. पाकिटाची किंमत पाहिली आणि माझी मजुरी आठवली. त्या रात्री झोप आली नाही."

घरी मुलगी बी.कॉम.ला होती. तिने हिशेब मांडला. दोन लूम स्वतःच्या सुतावर चालवायचे, प्रोसेस बाहेरून करून घ्यायची, कटिंग गाळ्यात, शिलाई मोहल्ल्यातल्या बायकांकडून नगावर. हाताशी होते दागिने मोडून आलेले थोडे पैसे. कर्ज घ्यायचे नाही, हे आधीच ठरले होते. जाहिरातीला म्हणून वेगळा एक रुपयाही नव्हता. मग मालाला नाव कसे मिळवायचे?

येथे थोडे विषयांतर करतो, कारण हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक उत्तर मुंबईतच सापडते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तुटके पापड बाजारात गेले नाहीत, शेजारपाजारी वाटले गेले.

आज हे पापड जगभर ‘लिज्जत’ या नावाने जातात. पण हे नाव आले १९६२ साली, म्हणजे तीन वर्षांनंतर. नावासाठी स्पर्धा ठेवली, बक्षीस ५ रुपये. धीरजबेन रूपारेल यांनी सुचवलेले नाव निवडले गेले. आपल्या घराघरांत ‘लज्जत’ म्हणतात तोच हा शब्द, गुजराती उच्चारात. पाच रुपयांत पडलेले याहून मोठे नाव आमच्या माहितीत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सुरुवातीला त्या एक चांगला आणि एक स्वस्त असे दोन प्रकारचे पापड करत असत. त्यांना मदत करणारे छगनलाल पारेख यांनी स्वस्त प्रकार बंद करून एकच दर्जा ठेवायला लावला. आपल्याकडे नेमके उलट चालते. पहिली लॉट ए-वन, तिसऱ्या लॉटपासून सुताचा काउंट बदललेला. मग गिऱ्हाईक नाव लक्षात ठेवते खरे, पण पुन्हा न घेण्यासाठी!

चाचांनी आणि मुलीने जे केले ते थोडक्यात असे. नाव दोन अक्षरी ठेवले. आजीच्या तोंडचा, घरगुती बोलीतला शब्द. मराठी माणसाला उच्चारता येतो, गुजराती दुकानदारालाही येतो. पाकिटाला चौरंगी छपाई परवडत नव्हती, म्हणून साधी पारदर्शक पिशवी आणि आत एकाच रंगात, निळ्या शाईत छापलेला जाड कागद. वर्षभरात दुकानदार ‘तो निळ्या कागदवाला’ म्हणून माल मागू लागले. आता चौरंगी छपाई परवडते, तरी निळा कागद बदललेला नाही. हे शहाणपण आम्हांला फार आवडले. पैसे हातात आले की सर्वांत आधी लेबल बदलण्याची हौस आपल्या लोकांना फार असते.

कागदाच्या मागच्या बाजूला मुलीने चार ओळी छापल्या: कापड शंभर टक्के सुती आहे, पहिल्या धुण्यात किती आटेल, रंग वेगळा का धुवावा, आणि फाटल्यास फोन कोणाला करावा. फोन चाचांचाच. सुरुवातीला तक्रारी आल्या, त्यांतल्या निम्म्या शिलाईच्या. प्रत्येकाला नवे पाकीट दिले गेले. चाचांच्या मते त्यांची जाहिरात हीच, आणि तिचा खर्च त्या बदलून दिलेल्या पाकिटांएवढा. मालही त्यांनी आधी दूर पाठवला नाही. तीन बत्ती, धामणकर नाका आणि ठाण्याची काही दुकाने, एवढाच टापू धरला. दुकानात आठवड्याला एक फेरी व्हायची आणि माल पुढच्या फळीवर आहे की मागे ढकलला आहे, हे डोळ्यांनी पाहिले जायचे. आमचे मत विचाराल तर कमी भांडवलाच्या माणसाने अख्खा महाराष्ट्र जिंकायला निघू नये. दहा दुकानांत रोज दिसणारा माल शंभर दुकानांत कधीतरी दिसणाऱ्या मालापेक्षा लवकर ओळखीचा होतो.

कायद्याने पाकिटावर जे लागते तेही पहिल्यापासून छापले: तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता, नग आणि माप, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. पॅकबंद मालाचे हे नियम २०११ चे आहेत. अनेक लहान उत्पादक याकडे सरकारी कटकट म्हणून पाहतात. पण विचार करा, तुमचा पत्ता गिऱ्हाइकाच्या घरात फुकट पोचवणारी ही एकमेव जागा आहे. खाद्यपदार्थ करणाऱ्या भगिनींनी याशिवाय एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक विसरू नये. मसाला कितीही चांगला असो, त्या क्रमांकाशिवाय मोठा दुकानदार पाकीट हातात घेत नाही.

एका मोहाला मात्र चाचा बळी पडता पडता वाचले. छापखानेवाल्याने सुचवले होते, कागदावर ‘हॅण्डलूम’ लिहा, दोन रुपये जास्त मिळतील. लूमवर विणलेल्या मालाला हातमागाचा म्हणणे हा खोटेपणा तर आहेच, शिवाय हातमागासाठी २००६ पासून स्वतंत्र हॅण्डलूम मार्क आहे आणि ‘खादी’ या शब्दावर २०१३ च्या खादी मार्क नियमांचा पहारा आहे. १९८५ च्या कायद्याने तर काही वस्तू केवळ हातमागासाठीच राखून ठेवल्या आहेत, त्यांत ठरावीक प्रकारची लुंगी आणि गमछाही येतात. लूमवाल्याने नवा माल काढताना ही यादी आधी वाचावी.

आता चाचांच्या झोपेचे दुसरे खोबरे कसे झाले ते सांगतो.

२०१९ पासून माल चांगला खपू लागला. टाळेबंदीत बसलेला धक्काही सोसला गेला. मग एका ठोक व्यापाऱ्याने सगळा माल मीच उचलतो म्हटले. रोख पैसे, फेऱ्या बंद, उधारी वसूल करण्याची दगदग बंद. चाचांनी होकार दिला. दोन वर्षे छान गेली. २०२३ मध्ये मुलीने नावाची नोंदणी करायला घेतली. अर्ज गेला, आणि काही महिन्यांनी परीक्षण अहवाल आला: हेच नाव, याच वर्गात, आपल्या आधी दुसऱ्या कोणी मागितले आहे. अर्जदार कोण? तोच ठोक व्यापारी! विचारल्यावर तो म्हणाला, "चाचा, तुमच्याच भल्यासाठी केलं. नाव माझ्याकडे सुरक्षित राहील, तुम्ही माल देत राहा." म्हणजे चाचा पुन्हा जॉबवर.

"लूम भंगारात गेले तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं," चाचा सांगत होते. मुलगी मध्येच म्हणाली, "अब्बा, फाईल दाखवा ना यांना." ती फाईल आम्ही पाहिली. तिने २०१९ च्या पहिल्या बिलापासून प्रत्येक बिलावर नुसते ‘नॅपकिन’ न लिहिता मालाचे नाव लिहिले होते. छापखान्याचे निळ्या कागदाचे बिलही होते, त्यावरही नाव आणि तारीख. व्यापाऱ्याला दिलेली बिले तर होतीच, म्हणजे त्याने हे नाव चाचांकडून घेतले याचा पुरावा त्याच्याच सहीने. तिला कायदा ठाऊक नव्हता. कॉलेजात शिकवलेली बिल लिहिण्याची नीट पद्धत तेवढी ठाऊक होती.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू, कारण आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत याविषयी बराच गोंधळ असतो. ट्रेडमार्कचा चालू कायदा १९९९ चा, तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला ती ९,००० आहे. लहान उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणी लागते. ती १ जुलै २०२० पासून सुरू असून मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो एजंट स्वतःचे पोट भरतो आहे, एवढे समजावे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. ४,५०० भागिले दहा वर्षे म्हणजे महिन्याला ३८ रुपयांहून कमी. गाळ्यातल्या चहाचा एका दिवसाचा खर्च याहून जास्त असतो!

वर्ग म्हणजे मालाची जात. घरगुती कापड आणि नॅपकिन २४ मध्ये, तयार कपडे २५ मध्ये, मसाले, बिस्किटे, बेकरी ३० मध्ये. अर्ज करण्यापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव शोधून पाहावे. हा शोध फुकट आहे आणि सारख्या उच्चाराचीही नावे तेथे दिसतात. अर्ज तपासणीत टिकला की तो जर्नलमध्ये छापला जातो आणि त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. त्या व्यापाऱ्याचा अर्ज जर्नलमध्ये आल्यावर चाचांनी याच मुदतीत हरकत नोंदवली. तिची ऑनलाइन फी एका वर्गाला २,७०० रुपये, वकिलाचा खर्च वेगळा. हे चार महिने निसटले असते तर लढाई बरीच महाग झाली असती.

चाचांची बाजू कशावर उभी आहे? कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जो आधीपासून सतत नाव वापरत आला आहे, त्याला नंतर आलेला नोंदणीधारक अडवू शकत नाही. नोंदणी नसलेल्या नावालाही, दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून विकल्यास, दाद मागता येते. पण दोन्हीकडे पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे तारीख असलेला कागद. तोंडी व्यवहार, कच्ची चिठ्ठी, ‘आपसातली गोष्ट आहे’ म्हणून न केलेले बिल, यांनी आपले अनेक धंदे उभे राहिले आणि यांनीच ते बुडाले.

नाव निवडताना काय टाळावे याबद्दलही दोन शब्द. ‘सुपर क्वालिटी’, ‘बेस्ट कॉटन’ यांसारखी नुसती गुण सांगणारी नावे नोंदवून मिळत नाहीत, कारण ती सगळ्यांचीच असतात. आपल्या समाजात धार्मिक शब्द दुकानाला आणि मालाला देण्याची आवड आहे. त्यामागची भावना आम्ही समजतो. पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीच्या ‘रामायण’ या नावाच्या वादात, धर्मग्रंथाचे नाव कोणा एकाला मालाचा ट्रेडमार्क म्हणून मिळू शकत नाही, असे ठरवले. कायद्याचे सोडा, ते पाकीट उघडल्यावर कोठे जाते? गटारात. तेव्हा पवित्र शब्द पिशवीवर छापण्यापूर्वी एवढा विचार करावा.

चांगले नाव किती काळ पाठराखण करते याचा दाखला आपल्या ओळखीच्या बाटलीत आहे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला आणि १९०७ मध्ये ‘रूह अफ्झा’ सरबत आणले. औषधांच्या छोट्या दुकानातला हा माल. आज रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर आणि उन्हाळ्यात कोणाच्याही घरी ती बाटली नुसत्या रंगावरून ओळखू येते. एका कंपनीने ‘दिल अफ्झा’ नावाचे सरबत काढले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एका न्यायाधीशांनी आधी मनाई नाकारली होती, पण २१ डिसेंबर २०२२ रोजी खंडपीठाने, दाव्याचा निकाल लागेपर्यंत त्या नावाने सरबत करण्यास व विकण्यास मनाई केली. शतकभर एकच नाव, एकच चव धरून ठेवल्याचे हे फळ.

आणखी दोन बारीक गोष्टी. वर्तुळातला ‘आर’ हा अक्षर-शिक्का नोंदणी झाल्यावरच लावता येतो. त्याआधी लावणे बेकायदा आहे; पूर्वी त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे, आता दंड होतो. अर्ज दिला असेल तर ‘टीएम’ लिहावे. दुसरे, चित्रकाराकडून लेबल काढून घेताना हे चित्र कायमचे तुमचे झाले असे त्याच्याकडून लिहून घ्यावे आणि कोरलची मूळ फाईल पेनड्राइव्हवर आणावी. भिवंडीत ही फाईल डिझायनरच्या संगणकात अडकून राहते आणि दर छपाईला तिचे पैसे पडतात, ही तक्रार आम्ही कितीदा ऐकली आहे.

चाचांच्या हरकतीवर अजून निर्णय झालेला नाही. त्या व्यापाऱ्याला माल देणे त्यांनी बंद केले. त्यामुळे विक्री एकदम खाली आली आणि आठांपैकी चार लूम पुन्हा जॉबवर लावावे लागले. पण मुलगी आता स्वतः दुकानांच्या फेऱ्या करते, जुन्या दुकानदारांपैकी बरेचसे परत आले आहेत. काहींनी तर वकिलासाठी लिहून दिले आहे की निळ्या कागदाचा हा माल आम्ही २०१९ पासून याच माणसाकडून घेतो. आम्ही गेलो त्या दिवशी गाळ्यात ठाण्याच्या ऑर्डरची पाकिटे भरली जात होती. निघताना चाचांनी आमच्या हातात एक पाकीट ठेवले. पैसे द्यायला गेलो तर मुलीने ते घेतले, आणि लगेच बिलही करून दिले. बिलावर तारीख होती, आणि मालाचे नाव पूर्ण लिहिले होते.